एकोणीस लेकरांचा बाप

त्या वर्षी चांद्याच्या जिल्हा कोर्टात मी लेखी दिलं की चैती नावाच्या मुलीचा बाप मी आहे. मी नव्हतो. माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. कोणी धमकावलं नव्हतं, कोणी पाजली नव्हती. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, माझ्या वळणदार अक्षरात मी ते दोन प्रतींत लिहिलं आणि खाली लपेटदार सही ठोकली.

काल सकाळी गल्लीतून एक बाई मोहाच्या फुलांची टोपली घेऊन गेली आणि हे सगळं पुन्हा वर आलं. मोहाचा वास विचित्रच. गोड म्हणावा तर त्यात आंबट झाक, आंबट म्हणावा तर डोकं हलकं होतं. ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, तो तसाच मांडीवर राहिला. आमच्या सौभाग्यवतीनं आतूनच ओळखलं. "आला वाटते मोह! आता तीन दिवस हे घरात असून नसल्यासारखे." मग बाहेर येऊन तिनं माझ्या खिशातला पेन काढून घेतला. मांडीवर पेपराखाली राशन कार्डाचा फॉर्म होता. आमच्या घरात फॉर्म ती भरते. का, ते पुढे येईलच.

तेव्हा मी जटपुरा दरवाज्याच्या आतल्या एका छोट्या अनाथालयात कारकून होतो. कारकून म्हणजे पत्रं लिहिणारा, धान्य मोजणारा, विहिरीचा दोर बदलणारा आणि पोरांना शाळेत घालणारा. संस्था चालवायच्या गोदूबाई. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आवाज फौजदाराचा. पोट्टे त्यांना 'माय' म्हणायचे आणि आम्ही नोकर मंडळी मनातल्या मनात तेच म्हणायचो.

शाळेत नाव घालताना एक अडचण यायची. दाखल्याच्या रजिस्टरात 'बापाचे नाव' असा रकाना, आणि तळाशी छापलेलं, 'कोणताही रकाना कोरा ठेवू नये.' आमच्याकडे मुलीचं नाव बाईंनी ठेवलेलं, जन्मतारीख अंदाजे, बाप कोणाला माहीत? हेडमास्तर तोंडात सुपारी घोळवत म्हणायचे, "आणणाऱ्याचं नाव लिवा ना बाप्पा! खेड्यातून मामा येते, चुलता येते, ज्यानं आणलं त्याचंच लिवतो आपन." झाडीपट्टीतला, म्हणजे आमच्या जंगलमुलखातला, हा रिवाजच होता. ज्याच्या बोटाला धरून पोरगं शाळेची पायरी चढलं, तो त्याचा बाप. मी दरवर्षी चारपाच पोरं बोटाला धरून न्यायचो. असं करत त्या वर्षापर्यंत, चैती धरून, मी एकोणीस मुलांचा बाप झालो होतो. अभिमानानं सांगायचो. कोणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मग एरिकसाहेब आले.

ते स्वीडनचे. बल्लारपूरच्या बाजूला कागदाची यंत्रं बसवायला आलेले इंजिनिअर. सहा फूट उंच, केस वाळल्या तणसासारखे पिवळे. मराठी शिकले ते फिटर आणि हमालांकडून, त्यामुळे पहिल्या भेटीत गोदूबाईंना हात जोडून म्हणाले, "नमस्कार वो बाई. बरं चालून राह्यलं ना?" बाईंना हसू आवरेना. त्यांची बायको इंग्रिडबाई दर रविवारी पोरांना विणकाम शिकवायला यायच्या. चांद्याच्या उन्हाळ्यात लोकरीचे मोजे! पण चैतीनं दोन विणले, एक मोठा, एक छोटा, आणि दोन्ही एरिकसाहेबांना दिले. साहेबांनी ते तिथल्या तिथे बुटाच्या आत चढवले आणि लंगडत गेले. त्यांना मूल नव्हतं. दोन वर्षं रविवारमागून रविवार ती दोघं येत राहिली आणि चैती फाटकाच्या दगडावर बसून वाट पाहत राहिली. शेवटी साहेब बाईंना म्हणाले, "बाई, चैती आमाले द्या. आमी तिले नीट पाहू."

बाईंचीही तयारी होती. पण मधे सरकार होतं.

आपल्याकडे दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता. परदेशी ख्रिस्ती जोडप्याला इथं दत्तक घेता येत नसे. त्यांनी जिल्हा कोर्टात अर्ज करायचा, कोर्टानं त्यांना मुलीचे पालक नेमायचं, मुलीला देशाबाहेर न्यायची परवानगी द्यायची, मग नागपूरहून पासपोर्ट, आणि दत्तकाचं काय ते त्यांच्या देशात. त्यात काही महिन्यांपूर्वीच आमचा अख्खा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्यात ठेवला होता. आम्ही जागचे हललो नव्हतो, पण नागपूरला गेलेले आमचे कागद तिथून मुंबईला निघाले होते आणि वाटेत कुठं विसावले होते ते त्यांनाच ठाऊक. शिवाय संस्थांना आता परवाना लागणार अशी बातमी होती. एक कागद वाकडा गेला तर चैतीचंच नाही, सगळ्या घराचं दार बंद व्हायची भीती. बाई रात्रंदिवस रजिस्टरं चाळायच्या. स्वीडनहून एरिकसाहेबांच्या पाद्र्याचं पत्र आलं, डॉक्टरचा दाखला आला, घराचा फोटो आला, आणि 'मुलीला येऊ देऊ' असं तिथल्या सरकारचं पत्र आलं. सात समुद्रांपलीकडचे कागद वेळेवर आणि बिनचूक. चूक करायची ती मी दोन मैलांवरून केली.

अर्ज मी लिहिला. त्यातही तो रकाना होता, 'पित्याचे नाव', आणि तळाशी तीच छापील ताकीद. हात सवयीनं चालला.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला जज्जसाहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मुलीचे वडील हयात आहेत?"

आमचे वकील बापूभाऊ उठले. फी न घेता आमची कामं करायचे, म्हणून आम्हीही त्यांना फारसं काही सांगत नसू. "नाही साहेब, अनाथ आहे."

"मग हे कोण?" साहेबांनी माझं नाव वाचलं. मी मागच्या बाकावरून आनंदानं हात वर केला.

सगळा घोळ उलगडायला अर्धा तास लागला. लेखणीची चूक म्हणून सोडून देता आलं असतं, पण शाळेचा दाखला जोडला होता आणि त्यातही बाप मीच. दोन कागद एकमेकांना साक्ष देत होते. कायदा असा की बाप जिवंत असेल आणि तो नालायक नसेल, तर कोर्टाला दुसरा पालक नेमताच येत नाही. साहेबांनी शांतपणे विचारलं, "एकूण किती मुलांचे आपण वडील आहात?" मी खरं ते सांगितलं. साहेबांपुढे कागद ठेवणाऱ्या पेशकाराच्या हातातली दौत कलंडली.

बाहेर वडाखाली बापूभाऊंनी मला आणि बाईंना समोर बसवलं. "हे पाहा, दोन रस्ते आहेत. एक, हा बाप नाही हे सिद्ध करायचं. त्याले मुलगी सापडली तेव्हाचा साक्षीदार पायजे. दुसरा, हा बाप आहे पण नालायक आहे हे सिद्ध करायचं. ते एका दिवसात होते. साक्षीदार पाहिजे तितके मिळतीन."

संस्थेचा आचारी तिथंच उभा होता. तो लगेच म्हणाला, "मी देतो ना साक्ष!"

बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर मोह दिसला. मग त्या उठल्या. "नाई. एवढ्या दूर पोरगी चालली, तिच्या पहिल्याच कागदावर खोटं नको. खरा साक्षीदार आणा." मग माझ्याकडे पाहून, "अन् हाच आणन."

घाई होती. कोर्टाची उन्हाळ्याची सुट्टी पाच आठवड्यांवर. एरिकसाहेबांचं इथलं काम संपलेलं, मुंबईहून बोटीचं तिकीट काढलेलं, मुक्कामाची मुदत सरत आलेली. सुट्टीआधी हुकूम झाला नाही तर ती दोघं चैतीला दगडावर बसलेली सोडून जाणार होती. चैतीला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिनं विणकाम थांबवलं होतं.

त्याच आठवड्यात नागभीडहून एक पोस्टकार्ड आलं. तिथल्या एका घरी माझी सोयरीक ठरत होती. मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं, 'मुलास पूर्वीची अपत्ये असल्याचे कानी आले. किती, ते उलट टपाली कळवावे.' मी प्रामाणिक माणूस. उलट टपाली कळवलं, 'एकूण एकोणीस, परंतु सर्व कागदावरची.' तिकडून मग बराच काळ काहीच आलं नाही.

चैती सापडली होती सूरजागडच्या डोंगराकडच्या एका वीस झोपड्यांच्या गावात. जिला सापडली ती झुरीबाई. कोर्टानं समन्स काढलं, बेलिफ गेला आणि शेरा मारून परत आला, 'गावात कोणी नाही. सर्व मोहावर.' बेलिफाची चूक नव्हती. चैतात तिकडं माणूस घरी सापडत नाही. पहाटे मोह गळायला लागतो आणि अख्खं गाव झाडाखाली असतं, लेकरं, म्हातारी, कुत्री सगळी.

मी निघालो. मोटारीनं आष्टीच्या घाटापर्यंत, डोंग्यातून वैनगंगा, पलीकडून दुसरी मोटार, तिथून बैलगाडी, शेवटी पाय. सागाची पानं गळून गेलेली, डोंगर उघडे, आणि दर वळणावर तो वास. मी नाक भरभरून वास घेत होतो आणि मला अपराधी वाटत होतं की मला एवढं बरं का वाटतंय. तेवीस वर्षांचा माणूस संकटातसुद्धा सुटीवर असतो.

झुरीबाई झाडाखाली उकिडवी बसली होती. साठीची असेल. हाताची बोटं इतकी जलद चालत होती की फुलं आपणहून टोपलीत उड्या मारतात असं वाटावं. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"येते मी," ती म्हणाली. "पन मोह कोर्टासाठी थांबत नाई. या तीन झाडाईचा होऊ दे."

"किती दिवस?"

"तू वेचशीन तं दोन. नाई तं पाच."

मी दोन दिवस मोह वेचला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन काळी करून ठेवलेली असते, म्हणजे पिवळसर पांढरं फूल लांबून चमकतं. मला चमकायचं ते मी त्यावर पाय दिल्यानंतर. माझ्या टोपलीत खडे निघाले, काटक्या निघाल्या, एक सरडा निघाला. वेचता वेचता खात गेलो, दुपारी डोळ्यांसमोर झाडं दुहेरी झाली. दुसऱ्या पहाटे अस्वल आलं. लहानसंच होतं, पण मी मोजमाप न करता झाडावर गेलो. झुरीबाई खालीच बसून काठीनं टोपली वाजवत राहिली, आणि अस्वल कंटाळून गेलं. "उतर आता," ती म्हणाली. "वरचे फुलं पाडू नको. ते उद्याचे आहेत."

दुपारी अंगणात मोह पसरताना मी तिला विचारलं, हे जाळणं कशासाठी? ती म्हणाली, "पाला असला तं पडलेलं दिसत नाई. जनावर खाते नाई तं सडते. पन जाळतानी बसून राहा लागते. उठून गेला का जंगल गेलं." तेव्हा मी मान डोलावली. सरकारी नियमांवर चिडलो की मला हल्ली हे आठवतं. मूल हातून हातात जाताना कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेलं ते दिसायला जमीन साफ लागतेच. फक्त आग लावणाऱ्यानं तिथं बसून राहायला हवं. आमच्या जज्जसाहेबांनी तेवढं केलं, म्हणून मी त्यांना अजून मानतो.

सुट्टीला दोन दिवस उरले असताना आम्ही चांद्यात पोचलो. फाटकाच्या दगडावर चैती होती. झुरीबाई तिच्यासमोर बसली आणि कमरेच्या गाठोड्यातून मूठभर वाळलेला मोह काढून तिच्या ओच्यात टाकला. चैतीनं एक तोंडात टाकला. "गोड आहे," म्हणाली. एवढीच त्यांची ओळखपाळख.

मग झुरीबाई इंग्रिडबाईंकडे वळली. "हात पाहू." इंग्रिडबाईंनी हात पुढे केले. झुरीबाईनं ते उलटेपालटे केले, सुईचे घट्टे अंगठ्यानं चाचपले. मग एरिकसाहेबांना विचारलं, "तुमच्याकडं झाडं आहेत काय?"

"लय आहेत, माय," साहेब म्हणाले. "पन मोह नाई. बरफ आहे."

"बरफ वेचते काय कोनी?"

"नाई. त्यात खेळतेत."

"मंग बरं आहे," झुरीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरगच्च. एकोणीस लेकरांचा बाप पाहायला बाजारातली माणसं आली होती. झुरीबाई कठड्यात उभी राहिली. जज्जसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "या इसमाला ओळखता?"

"ओळखते ना. दोन दिस माह्या झाडाखाली होता."

"मुलीचा बाप हाच का?"

तिनं मला नखशिखांत पाहिलं, बैलबाजारात पाहतात तसं. "साहेब, यानं वेचले त्याहून जास्त फुलं तुडोले. अस्वल आलं तं मले खाली सोडून झाडावर चढला. ते पोट्टी सापडली तवा दहाबारा दिसाची असन. अंगाले मुंग्या लागल्या होत्या, तरी रडत नोती, टुकूटुकू पाहे. याचं रक्त असतं तं चार गावं जागे केले असते."

पेशकारानं तोंड फायलीत लपवलं. जज्जसाहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं, मग विचारलं, "सापडल्याबरोबर पोलिसात का दिली नाही?"

"ज्याचं झाड त्याचा मोह. माह्या झाडाखाली पडली, मंग माहीच ना? चार महिने बकरीच्या दुधावर वाढोली. पान्याच्या दिसात मले ताप आला, बकरी मेली. मंग नाक्यावरच्या शिपायासंगं इथी आनून देली. टाकली नाई मी तिले." शेवटचे शब्द तिनं साहेबांना नाही, मागे बसलेल्या चैतीला सांगितले.



"आता या दोघांनी तिला परदेशी नेलं, तर तुमची हरकत आहे?"

झुरीबाईनं आधी इंग्रिडबाईंकडे पाहिलं, मग चैतीकडे. इंग्रिडबाईंना प्रश्न कळला नसावा, पण ते पाहणं कळलं. त्यांनी नवऱ्याचा हात धरला. मी देवाचं नाव घेतलं, आणि मी देवाचं नाव फक्त परीक्षेत घेतो.

"वर्साले एक खबर येईन काय?" झुरीबाईनं विचारलं. "मोहाच्या वक्ती आली तं बरं. तवा मले याद येते."

जज्जसाहेबांनी मान खाली घातली आणि लिहीत राहिले. हुकूम त्याच संध्याकाळी वाचून दाखवला. पालक नेमले, बाहेर न्यायची परवानगी दिली, आणि अट घातली की मुलगी सज्ञान होईपर्यंत पालकांनी दरवर्षी चैत्रात तिची खुशाली आणि फोटो संस्थेमार्फत कोर्टाला पाठवावा. खाली आणखी एक कलम होतं, खास माझ्यासाठी. 'सदर कारकुनाने शाळेतील सर्व चुकीच्या नोंदी जातीने दुरुस्त कराव्या.'

एरिकसाहेबांनी मला उचललं. खरोखर उचललं, कोर्टाच्या व्हरांड्यात. "बाप नाई तू!" ते ओरडले. "बाप नाई!" एवढ्या आनंदानं हे वाक्य कोणी कोणाला सांगितलं नसेल.

दुसऱ्या सकाळी मी शाळेत बसून एकोणीस रकान्यांत माझं नाव खोडलं आणि 'अज्ञात' लिहिलं. पहिली दोनतीन हसत लिहिली. आमच्यातली एक मुलगी, तिसरीतली, खिडकीतून पाहत होती. "काऊन खोडून राह्यले, भाऊ?" मी म्हणालो, "चुकलं होतं." ती म्हणाली, "राहू देल्लं असतं तं काय झालं असतं?" मी पुढचा रकाना खोडायला घेतला. मी खरं तेच लिहीत होतो, आणि खरं लिहिताना आयुष्यात पहिल्यांदाच माझं अक्षर वाकडं आलं.

पासपोर्टाच्या फॉर्मवर पुन्हा तो रकाना निघाला. गोदूबाईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतला आणि स्वतः भरला. पुढे लग्नानंतर त्यांनी ही युक्ती आमच्या घरी शिकवली. हो, लग्न झालं. नागभीडला मी हुकुमाची खरी नक्कल घेऊन गेलो होतो. सासरेबुवांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "इतका पुरावा तं कोनताच जावई आनत नाई." एकोणीसचं ते माझं पोस्टकार्ड आमच्या घरात देवाच्या फोटोमागं आहे. भांडण झालं की निघतं.

चैतीची पत्रं यायची. बर्फात उभी, डोक्यावर टोपी, दोन मोजे, एक मोठा, एक छोटा. फोटो कोर्टात, आणि त्याची प्रत घेऊन मी सूरजागडकडं, दर चैतात. झुरीबाई फोटो झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून वेचत बसायची. मीही बसायचो. मला कधीच जमलं नाही. चैती सज्ञान झाली, अट संपली, झुरीबाई गेली. पत्र अजून येतं. मोहाच्या वेळीच येतं.

पण मला काल आठवलं ते चैती निघाली त्या दिवशीचं चांद्याचं स्टेशन. गाडीनं शिटी दिलेली. चैती खिडकीत, ओच्यात मोहाची पुरचुंडी. इंग्रिडबाई रडत होत्या, गोदूबाई रडत नव्हत्या पण नाक लाल, एरिकसाहेब खिडकीतून "येतो वो! येतो!" ओरडत होते, आणि चैती मात्र हसत होती, दोन्ही हात हलवत, जणू आम्हीच कुठं चाललो होतो. डबा वळणाआड गेला तरी मी हात हलवत राहिलो. डोळे भरले होते. आपलं म्हणावं असं काहीतरी गेलं, असं मला फार वाटत होतं, आणि तसं तोंड करून मी उभा होतो.

निरोपासाठी मुद्दाम थांबलेल्या झुरीबाईनं माझ्याकडे पाहिलं, गाठोडं काखेत मारलं आणि म्हणाली, "कागदावरचे एकोनीसही गेले तुह्ये, बाबू. आता लग्न कर अन् एखादं खरं करून पाह्य, जमते का!"